खालांच्या हरकती

खालांना, म्हणजे माझ्या मावशींना, कशालाही हरकत असे. लग्नातल्या वरणाला, मशिदीच्या नव्या रंगाला, माझ्या वेणीला. गल्ली त्यांना पाठीमागे 'हरकतवाल्या खाला' म्हणे. हे कळल्यावर त्यांनी 'पाठीमागे'लाच हरकत घेतली. "तोंडावर म्हणा नं. मी काय चावून राह्यली का?"

ही खोड नगरपालिकेच्या फळ्यापाशी लागली. बाजारातून येताना त्या मला तिथल्या नोटिसा वाचायला लावत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वाचायचे काम माझ्याकडे आले. एकदा मी वाचले, 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' खाला थबकल्या.

"ते सोताहून मागून राह्यले?"

"हो."

"मंग द्याच लागते. मागणाऱ्याले रिकामं कसं पाठवावं?"

तेव्हापासून रस्ता रुंद होवो की नवे गाळे निघोत, खालांची हरकत पोचायचीच. लिहायची मी. मी सुरुवातीला 'सविनय' लिहीत असे. त्याचा अर्थ विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "इतकं कायले झुकून राह्यली वं? पालिका आपली आहे, सासरा नाही." मला मात्र तो शब्द गाळायचा धीर होत नसे.

मग एक नोटीस आमच्याच गल्लीची निघाली. मागचे मैदान विकास आराखड्यात खेळासाठी राखलेले होते. जागा वापरात नाही, म्हणून ते आरक्षण उठवून तिथे दुकानांचे संकुल करायचे होते. आमच्या घरांना अंगणे नाहीत. मुलांचे क्रिकेट, लग्नाचे मांडव, उन्हाळ्याचे वाळवण, सारे त्या मैदानावरच. खाला तरातरा घराकडे निघाल्या. दारात म्हणाल्या, "वापरात नाही म्हणे. मी तुले सायकल कुठं शिकवली, आभाळात?"

हरकत गेली. पाहणीचा दिवसही कळला. आदल्या संध्याकाळपासून खाला घरोघर वाळवणाचे सांगत फिरल्या. ज्यांचे गहू भिजलेले होते त्यांच्या कुरडया, ज्यांचे नव्हते त्यांचे पापड, आणि स्वतःच्या शेवया.

नगररचनेचे साहेब आले तेव्हा मैदानात जमीन दिसत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगडी आणि त्यांवर ओल्या कुरडया.

"हे उचला, मोजणी करायची आहे," साहेब म्हणाले.

"उचलतो नं, साहेब. पण ओल्या तुटतेत. वाळू द्या."

"किती वेळ लागेल?"

"ते उन्हाले विचारा."

साहेबांनी पाय पुढे टाकला. खाला शांतपणे म्हणाल्या, "खायची चीज आहे, साहेब. बूट..." पुढे त्यांना बोलावे लागले नाही. साहेबांनी बूट काढले आणि टेप धरून तापल्या जमिनीवर लुगड्यांच्या फटींतून टुणटुणत निघाले. मागे शिपाई, त्याच्या हातात साहेबांचे बूट. बायकांनी तोंडाला पदर लावले होते.

मोजणी निम्म्यावर सुटली. खालांनी साहेबांना सावलीत बसवून कुरडयांचा गरम चीक दिला, वर दूध-साखर. त्यांनी पुन्हा मागून घेतला. मग जरा ओशाळून विचारले, "या जागेचा वापर नेमका काय होतो?"

"तुमच्या वाटीत आहे," खाला म्हणाल्या.

आरक्षण राहिले. ते चिकामुळेच, असे मी म्हणू धजत नाही. गल्लीभर सह्या झाल्या होत्या, आणि नगरसेवकांना निवडणूक दिसत होती. खाला मात्र श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हत्या.

गेल्या पावसाळ्यात खाला गेल्या. शेवटच्या दिवसांत मी उशाशी रडत होते, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "याले हरकत आहे."

परवा फळ्यावर पुन्हा तेच मैदान दिसले. कारणही तेच. मी घरी येऊन अर्ज लिहिला. सवयीने 'सविनय' लिहिले, थोडा वेळ त्याकडे बघत बसले आणि खोडले.

पाहणी होळीच्या आधी आहे. कुरडयांना अजून अवकाश आहे. शेजारच्या काकू विचारायला आल्या, "आता काय वाळू घालावं वं?"

 मी म्हणाले, "मिरच्या."