गळ्यातलं हाड आणि मी बोललेलं खोटं

"आजोबा, हाड नुसतं अडकलं नाही. अन्ननलिका फाटलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सीटी स्कॅन, म्हणजे मशिनीत निजवून काढलेला आतला फोटो, त्यात दिसलं. हाडाला त्या फॉरिन बॉडी म्हणाल्या, म्हणजे अंगात शिरलेली परकी वस्तू. आमच्याच गोठ्यातला बोकड, परका कसला!

आमच्या भावकीत मटणाची नळी थोरल्याच्या ताटात पडते. तळवड्यात थोरला मी. कवळी बसवली म्हणून मान सोडायचा का? नळी फोडली. कवळीखाली टाळू झाकलेला, टोकदार तुकडा कळलाच नाही, गेला खाली.

मग कोरड्या भाकरीचे गोळे न चावता गिळले. त्यानं हाड उतरतं असं मीच गावाला सांगत आलोय. दोन दिवस गिळले. पुढं थुंकीसुद्धा उतरेना, तरी गोळे रेटतच होतो. लाळ सदऱ्यावर, तोंडाला मेलेल्या उंदराचा वास. शी! माझी मलाच किळस.

"सकाळपासून पोटात काही गेलंय?" बाईंनी विचारलं.

"पाण्याचा थेंब न्हाई."

"खोटं बोलत्यात," माझी सून सुनंदा मागनं म्हणाली. "रिक्षात बसस्तोवर गोळे गिळत व्हते."

"चहाडखोर!" मी ओरडलो. आवाज बेडकागत निघाला.

बाई माझ्यावरच चिडल्या. "भूल दिल्यावर ते गोळे वर येऊन फुफ्फुसात गेले असते, आजोबा. जिवावर बेतलं असतं. आणि त्या गोळ्यांनीच हाड रेटून चीर पाडलीय."

आधी रबरी नळीनं भाकरीचा आतला लगदा ओढला. मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून हाड काढलं. चिरेपाशी साचलेला पू मानेतून काढायला दुसरी नळी ठेवली. पिवळा, घट्ट, आंबलेल्या पिठासारखा घाण वास. नाकातल्या नळीतून जेवण. मला त्या पू साठणाऱ्या पिशवीकडं बघवेना. सुनंदानं माझ्या थुंकीचा ट्रे रोज धुतला, नाकाला पदर न लावता.

बाराव्या दिवशी रंगीत औषध पाजून एक्स-रे काढला. गळती नव्हती. चमचाभर पाणी मिळालं.

तुमच्या गळ्यात काही अडकलं, तर वरून भाकरी, केळं, भात काही ढकलू नका. तडक दवाखाना गाठा. ढकललं असेल तर कबूल करा, लाज वाटली तरी.

सुनेला चहाडखोर म्हणालो, आणि तिच्या त्या चहाडीनंच वाचलो. आवाज आता सुटलाय, पण तिच्यासमोर हे बोलायला जीभ रेटत नाही. म्हणून इथं लिहिलं. ती वाचेल.