तळ्याकाठच्या रंगाऱ्यांची निशाणी

"अर्जनवीसानेच साऱ्या निशाण्या आपल्या हाताने काढल्या आणि रंगाऱ्यांना तळ्याकाठी ठेवले," असे आमच्या पेठेत अजून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी माझ्या ओट्यावर नव्हता. मी होतो, आणि लेखणी माझी होती. जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले. आता स्वतःचे खुलासे लिहिण्याचा शीण येतो. तरी हा एक करतो.

मागच्या महाराजांच्या अमदानीत म्युनिसिपालिटीने नोटीस लावली. रंगाऱ्यांचे कापड रंगवायचे रांजण तळ्याकाठावरून गावाबाहेर हलवावेत काय, याचा कौल पेठेतील घरवाल्यांनी चावडीवर हात वर करून द्यावा. त्याआधी दोन्ही बाजूंच्या कैफियती, म्हणजे लेखी म्हणणे, वाचून दाखवायच्या. सहीवाचून आलेली कैफियत वाचली जाणार नव्हती. गावाबाहेर पाणी नव्हते, आणि पाण्यावाचून रंगारी म्हणजे उपाशी रंगारी.

मी कैफियत लिहिली. सातही रंगाऱ्यांनी अंगठे उठवले. कारकुनाने कागद परत केला.

"हे अंगठे न्हवंत, डाग हायत. रेघ दिसती का एक तरी?"

त्याचे खरे होते. निळीच्या रांजणातल्या चुन्याने अंगठ्यांवरच्या रेषा केव्हाच खाल्ल्या होत्या.

रंगाऱ्यांतले वडीलधारे इमामचाचा ओट्यावर मटकन बसले. "झालं की वो! ज्या हातानं पोट भरलं, त्योच हात साक्ष देईना."

जुन्या दस्तांवर लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याची खूण काढी. मी म्हणालो, "शेतकरी नांगर काढतो, चाचा. तुम्ही रांजण काढा."

"जलमात लेखणी धरली न्हाय. तुम्हीच काढा की सगळे. कोण बघतंय?"

"मी बघतोय. धरा लेखणी."

सातांनी सात रांजण काढले. शेजारी नावे मी लिहिली. तेवढाच माझा हात. कारकून कुरकुरला, पण वरच्या साहेबांनी जुने दस्त काढून पाहिले आणि कागद ठेवून घेतला. चावडीवर तो वाचला गेला, हात मोजले गेले, रांजण जागेवर राहिले. हरलेल्यांना कैफियतीतला पाण्याचा मुद्दा खोडता आला नाही, म्हणून त्यांनी निशाण्या खोट्या ठरवल्या. अर्जनवीसाने शब्द उसने द्यावेत, सही देऊ नये, एवढे मला कळत होते.

तो कागद दफ्तरात आहे. वाद घालणाऱ्याने आधी तो पाहावा. सातांपैकी एक रांजण उपडा आहे. इमामचाचा माझ्या समोर बसले होते, आणि कागद आपल्याकडे फिरवून घ्यायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हते.