नगरसेवकाचा ओटा

आमच्या गल्लीत नळाला नाल्याचं पाणी मिसळून आलं की बायकांची एक रीत होती. ते पाणी बाटलीत भरायचं आणि कोपऱ्यावरच्या नगरसेवकाच्या ओट्यावर नेऊन ठेवायचं. ओटा बाटल्यांनी भरला की तो चिडायचा, फोनवर ओरडायचा, आणि संध्याकाळपर्यंत पाइप दुरुस्त करायला माणसं यायची. मला त्याचा भारी राग होता. निवडणूक जवळ आली की पाणी कसं निर्मळ येतं, हे मी त्याला तोंडावर ऐकवलं होतं.

मग त्याची मुदत संपली. नवी निवडणूक काही लागेना, कारभार प्रशासकाकडं गेला. वर्षं गेली. एका उन्हाळ्यात पुन्हा पिवळं, वास मारणारं पाणी आलं आणि सवयीनं आम्ही बाटल्या घेऊन त्याच ओट्यावर गेलो.

तो बाहेर आला, पण चिडला नाही. "वहिनी, मला आता कोण विचारतंय?" एवढंच म्हणाला. मला वाटलं, नाटक करतोय. तेवढ्यात त्याची बायको आतून तसल्याच पाण्याची बाटली घेऊन आली आणि मला म्हणाली, "आमच्याकडं पण हेच आलंय. सांगा, ही मी कुणाच्या ओट्यावर ठेवू?"