तळावरचा शिक्का

माझी आत्या जुने पुतळे विकत घेते आणि विकते. बहुतेक सगळ्या प्रतीच, मूळ शिल्पावरून साचा काढून ओतलेल्या. गिऱ्हाईक पुतळ्याचा चेहरा न्याहाळत असतं, तेवढ्यात आत्या तो उचलते, पालथा घालते आणि तळावरचा शिक्का दाखवते. "आधी हे वाचा. ही प्रत आहे. आता आवडला तर बोला." निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच काढता पाय घेतात. बाजारात तिला 'पालथीबाई' म्हणतात आणि तिला ते पक्कं ठाऊक आहे.

मला नसत्या चौकशा करायची खोड. एकदा विचारलं, "आत्या, नक्कल विकणं गुन्हा नाही का गं?"

"परवानगीने काढलेली प्रत मी विकत घेतली, ती माझी झाली. ती विकायला कोण अडवणार? पण तिच्यावरून मी नवा साचा काढला, तर शिल्पकाराच्या घरचे मला कोर्टात खेचतील. आणि अस्सल म्हणून खपवली, तर सरळसरळ फसवणूक."

"आणि काहीच न बोलता विकली तर?"

तिने असं बघितलं माझ्याकडे, की मी मुकाट्याने फडकं घेऊन धूळ पुसायला लागले.

तो प्रश्न पुढे काकांनीच उभा केला, तेही नकळत. काका म्हणजे आत्याचे यजमान. दुकानामागच्या खोलीत ते डागडुजी करतात. हात इतका साफ, की सांधलेली जागा त्यांची त्यांनाच सापडत नाही. एका घराच्या जुन्या सामानात सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचा ब्राँझचा पुतळा आला होता. तळाला चीर गेली होती, नेमकी शिक्क्यामधून. काकांनी चीर भरली, घासली, रंग जुळवला. चिरेबरोबर शिक्काही गडप! पुढे आत्या दवाखान्यात गेली असताना एक निवृत्त बाई दुकानात आल्या. शाळेत शिकवायच्या. पुतळा बघून त्या जागच्या जागी थबकल्या. काकांनी दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे तळ दाखवला. तळ कोरा. बाईंनी काही विचारलं नाही, काकांनी काही सांगितलं नाही. पुतळा गेला.

आत्या परत आल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "अहो, तळ दाखवलात ना?"

"दाखवला की! भेग होती कुठे, हे कळतसुद्धा नव्हतं."

आत्याने गल्ल्यातून त्या पुतळ्याचे पैसे काढले आणि पावतीवरचा पत्ता शोधला.

दोघं बाईंच्या घरी निघाली. मी अर्थातच मागे लागले. खिडकीजवळच्या टेबलावर पुतळा होता आणि शेजारी फोटो. दोन्हीकडे तोच चेहरा.

"माझी आई," बाई म्हणाल्या. "शिल्पकार आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. तिला समोर बसवून त्याने हे घडवलं. मूळ पुतळा कुठे गेला, ते मला कधीच कळलं नव्हतं. हे त्याच्या बोटांचे ठसे बघा. हे उमटले तेव्हा आई समोर बसली होती."

आता आत्याने गप्प बसावं, असं मला मनापासून वाटलं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण आत्याने पुतळा पालथा घातला.

"इथे शिक्का होता. तो ह्यांच्या हातून बुजला. मुद्दाम नाही, पण बुजला. आठ प्रती काढल्या, त्यातली ही एक, असं त्यावर लिहिलं होतं. तुमचे पैसे आणलेत."

बाई त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिल्या. "म्हणजे ठसेसुद्धा साच्यातलेच?"

"हो."

त्यांचे डोळे भरून आले. मला आत्याचा इतका राग आला, की मी खिडकीबाहेर बघत बसले. मग मागून बाईंचा आवाज आला, "बाकीच्या सात कुठे आहेत?"

"असतील कुणाकुणाच्या घरी."

"माझी आई दोन खोल्यांच्या बाहेर कधी पडली नाही हो. कुणाकडे घटकाभर बसायलासुद्धा नाही." रडता रडता त्यांना हसू फुटलं. "आणि आता आठ घरी जाऊन बसलीय!"

पैसे त्यांनी परत घेतलेच नाहीत. पुतळा काकांपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तो शिक्का पुन्हा उघडा करा. माझ्यामागे कुणी हिला एकटी समजायला नको."

काका खिडकीशी बसले आणि आपलंच सुबक काम खरवडायला लागले.