धुतलेलं चिलखत घेऊन लोणारला

लोणारला जायचं माझ्या मनात नव्हतं. एवढा मोठा खड्डा पाहायला तीन गाड्या बदलायच्या, हे माझ्या गुडघ्यांना पटत नाही. पण नात पायल हटून बसली. तिला मोबाइलवरच्या खेळातली एक बाई व्हायचं होतं. ती बाई भंगारातल्या पत्र्यांचं चिलखत घालते आणि कुऱ्हाड घेऊन पडक्या किल्ल्याची राखण करते. तसं सजायचं, तसंच उभं राहायचं, फोटो काढायचा आणि संध्याकाळी सहाच्या आत पुण्याच्या स्पर्धेला पाठवायचा. निवड झाली की पुण्यात स्टेजवर बोलावतात.

माझा लेक म्हणाला, "आजी संग असन तरच जा. अन् निवड नाही झाली तर हा खोका भंगारवाल्याले. घरात पाय ठेवाले जागा नाही राह्यली."

खोक्यात पायलचं तीन महिन्यांचं काम होतं. फोम कापून, चिकटवून, रंगवून केलेलं चिलखत आणि कुऱ्हाड.

आमच्या देऊळघाटहून सकाळी सहाला ऑटोनं बुलढाण्याला आलो, तिथून चिखलीमार्गे मेहकरची एसटी धरली. मला पंच्याहत्तरी झाल्यामुळे तिकीट नाही, पोरीला अर्धं. तुम्ही जाणार असाल तर आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, नुसत्या सुरकुत्या दाखवून भागत नाही. कंडक्टर खोक्यातून बाहेर आलेल्या कुऱ्हाडीकडेच पाहत होता.

"आजी, हे घेऊन कुठं?"

"लोणारले. फोटो काढाले."

"कोणाले तोडून?"

"लई विचारशीन तर तुलेच."

त्यानं कुऱ्हाड बोटानं दाबून पाहिली आणि हसत सुटला. "हे तं गादी हाय, आजी!"

चिखलीच्या स्टँडवर पोहे खाल्ले. तर्री मागून घ्या, नाहीतर घशाखाली उतरत नाहीत. मेहकरला पायलची मैत्रीण मोनाली कॅमेरा घेऊन आली, आणि दुसऱ्या गाडीनं आम्ही दहाच्या आत लोणारला पोचलो.

खड्डा मोठा आहे, हे मान्य. खाली झाडी, मधोमध हिरवं पाणी, आणि वर उभं राहिलं की वारा पदर ओढतो. उतरायला पायवाट आहे. माझ्या वयाच्यांनी वरूनच पाहावं, पाणी तेच दिसतं. देवळाच्या आवारात मोठा कॅमेरा काढण्याआधी विचारून घ्या. आम्ही त्या भानगडीत न पडता काठावरची एक पडकी दगडी भिंत धरली.

पायलनं खोका उघडला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आजी, गंज कुठं गेला?"

"कोणता गंज? काल दुपारी तू कॉलेजात होती तं म्या धुवून काढलं. कसं घाण झालं होतं! साबण अन् कापूस घेतला, तारेची घासणी नाही लावली."

पोरगी मटकन खाली बसली. तो गंज तिनं आठ दिवस बसून रंगवला होता. काजळी, ओरखडे, सगळं. आता चिलखत असं चमकत होतं, जसा लग्नात द्यायचा नवा हंडा.

मोनाली म्हणाली, "ही बाई लढून नाही, दुकानातून आली वाटते. असं पाठवलं तं पहिल्या फटक्यात बाहेर."

पायल रडली नाही. रडली असती तर बरं, मला बोलता आलं असतं. ती म्हणाली, "चाल आजी, घरी जाऊ. बाबाले खोका देऊन टाकू."

मी आयुष्यभर काळी भांडी घासली आहेत. काळं काढता येतं तर लावताही येईलच की. समोर एका बाईची चहाची टपरी होती, चूल लाकडाची. मी सरळ गेले.

"बाई, तुझ्या भगोन्याचं बूड खरवडू दे."

"काऊन हो आजी? घासून देता का?"

"घासूनही देतो. काजळी मात्र माही."

"न्या ना मग! तवाही न्या, कढईही न्या!"

पिशवीतल्या खोबरेल तेलात काजळी कालवली. विटेचा तुकडा दगडावर घासून लाल भुकटी केली. कडांना काळं, खिळ्यांपाशी लाल, खाली ओघळ. लोखंडाला गंज कुठून चढतो ते मला कोणी शिकवायला नको, आमच्या मोटेच्या पत्र्यानं शिकवलं आहे. तासाभरात चिलखत चांगलं दहा पावसाळे म्हातारं झालं. पायलनं चिलखताचा दुसरा खांदा आपणहून माझ्यापुढे सरकवला.

मग उभं राहायचं. पोरीनं कुऱ्हाड धरली ती आरतीची थाळी धरल्यासारखी.

"चेहऱ्यावर राग आण," मोनाली ओरडली. पायलनं भुवया वर केल्या. दाढ दुखत असल्यासारखी दिसायला लागली.

मी म्हटलं, "राग राहू दे. कुऱ्हाडीले वजन नाही, हे पाह्यणाऱ्याले दिसून राह्यलं." माझ्या पिशवीत दोन दगड भरले आणि ती आतून काठी असलेल्या दांड्याच्या मागच्या टोकाला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, लटकवली. "आता उचल. मांगचा पाय रोव. लाकूड फोडून थकली अन् अजून अर्धा ढीग बाकी हाय, असं पाह्य."

दंडाच्या शिरा दिसल्या. मान खाली आली, नजर वर. मोनाली नुसती कळ दाबत राहिली.

"आजी, हात मोडून राह्यले!"

"मोडू दे. हालू नको."

साडेचारला फोटो गेला. भाकर आणि ठेचा आम्ही टपरीवरच खाल्ला. बाईनं चहाचे पैसे घेतले नाहीत, तिची तीन भांडी मी लख्ख केली होती.

चार दिवसांनी पुण्याहून निरोप आला. निवड झाली. सोबत लिहिलं होतं, गंजाचं काम अगदी खरं वाटतं. लेकानं फोटो अख्ख्या गल्लीला दाखवला आणि खोक्यासाठी स्वतःच फळी ठोकून दिली.

खोक्यावर पायलनं कागद चिकटवला आहे. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचला. लिहिलंय, "धुऊ नये. आजीनं तर मुळीच नाही."

माझ्या लुगड्यावर तिथली काजळी लागली आहे. तीन वेळा घासली, निघाली नाही. म्हणजे माल पक्का आहे. काजळीचा एक डबा भरून ठेवलाय. पुण्यात चुली कुठं शोधत बसायच्या?