अण्णांनी राखलेली गल्ली

अण्णा स्वतःच्या तांब्या-पितळेच्या दुकानात गादीवर कधी बसले नाहीत. दिवसभर उभेच. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "एकदा बसलो की बसलोच बघा, बाई." ते मुंबईला चित्रकला शिकत असताना वडिलांना अर्धांगवायू झाला, म्हणून थोड्या दिवसांसाठी कोल्हापूरला आले होते. त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मी समोरच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. गल्ली उतरणीला लागली होती. स्टीलची दुकानं दुसरीकडे निघाली आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. दुकानदार जुने कोरीव लाकडी दर्शनी भाग काढून पत्र्याची शटरं बसवू लागले. अण्णा दारोदार सांगत फिरले, "शटर गावभर हाय. ही महिरप कुठं हाय?" कुणी ऐकेना. शेवटी शेजारच्या अत्तरवाल्याच्या खांबावरचा ऑइलपेंट त्यांनीच चार दिवस खरवडला. आतून सागवानी पोपट निघाले. अत्तरवाला म्हणाला, "माझ्या आज्यानंबी हे बघितलं नसंल."

मग एकेक दुकान उजळत गेलं. पाट्या अण्णांनी रंगवल्या. सुट्टीच्या दिवशी ओट्यांवर माझ्या मुलींची चित्रं लागू लागली. बघायला आलेली माणसं पुढं खरेदीलाही येऊ लागली.

अशात मुंबईच्या मित्राचं पत्र आलं. सिनेमाचे सेट रंगवायचं काम होतं. वडील आता नव्हते. दुकान धाकट्या भावाला द्यायचं ठरलं. अण्णांनी ट्रंक भरली. त्याच आठवड्यात रस्ता रुंद करण्यासाठी दर्शनी भाग पाडायची म्युनिसिपालटीची नोटीस लागली. सगळे दुकानदार अण्णांच्या दारात जमले. अत्तरवाला हळूच म्हणाला, "तुमीच आमाला ह्यात घातलंसा, अण्णा. आता सोडून जाताय व्हय?"

अण्णांनी भरलेली ट्रंक उघडून कागद-रंग बाहेर काढले. दुसऱ्या दिवसापासून एकेका दुकानाचं चित्र काढायला बसले. ती चित्रं घेऊन दोन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. नोटीस रद्द झाली. मुंबईतली जागा केव्हाच भरली होती. गल्लीनं शाल-नारळ दिला त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "गल्ली वाचली, बाई. मी मातर हितनं सुटत न्हाई आता."

पुढं माझी बदली जयसिंगपूरला झाली. अण्णा स्टँडवर पोचवायला आले.

"एकदा या की तिकडं," मी खिडकीतून म्हटलं.

"येतो की," म्हणाले. गाडी हलली, तरी त्यांनी खिडकीची दांडी सोडली नाही. तसेच गाडीबरोबर चालू लागले.

कंडक्टर दारातून म्हणाला, "पावणं, येणार असला तर चढा की."

अण्णांनी हात काढून घेतला.