तिनं परत विचारलं

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आईबाप ऊसतोडीला जायचे, मीही कोयता घेऊन त्यांच्यामागं निघालो. आता सहा वर्षं झाली, परदेशात इमारतींच्या स्लॅबला फळ्या-टेकू लावायच्या, सेंट्रिंगच्या कामावर आहे. या कामानं घर उभं केलं, त्याचे उपकार विसरणार नाही. पण साहेब इंग्रजीत काही बोलला की मी 'येस सर' म्हणतो आणि शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो. कळलं नाही म्हटलं आणि काढून टाकलं तर?

गेल्या सुट्टीत पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवर आलो, तेव्हा पुतणीही आलेली होती. नगरच्या कॉलेजातून तिला वर्षभर बाहेरच्या देशातल्या विद्यापीठात पाठवलं होतं. जायच्या आधी ती इंग्रजीत पहिली यायची, पण बोलायची वेळ आली की ओढणीचं टोक चावत बसायची. आता तिकडंच पुढं शिकायचं, तर शिष्यवृत्ती हवी आणि त्यासाठीची मुलाखत लॅपटॉपवर. नाही मिळाली तर घरात लग्नाचं बोलणं सुरूच होतं.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. मी तिथं खुर्ची नेऊन ठेवली, वहिनीनं, म्हणजे तिच्या आईनं, शेळ्या लांब बांधल्या. मी आणि वहिनी बाभळीखाली बसलो.

पोरगी बोलायला लागली. आमच्या घरातली पोरगी! पडद्यावरचे लोक हसले, तीही हसली. वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, काय म्हनती वो?"

"मला तरी कुठं कळतंय?"

"मग सहा वर्सं तिकडं काय केलं तुमी?"

तेवढ्यात एका बाईनं भरभर काहीतरी लांबलचक विचारलं. पोरगी मधेच थांबली. मी असतो तर 'येस' म्हणून मोकळा झालो असतो. ती शांतपणे दोन शब्द बोलली. बाईनं सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. मग पोरगी जी सुटली! मधेच अडायची, हात हलवायची, दुसऱ्या वाटेनं पुढं जायची.

संपल्यावर वहिनीनं विचारलं, "मधीच का थांबलीस गं? चुकलं काय?"

"न्हाई आई. प्रश्न कळला न्हाई. म्हनलं, परत सांगा."

"तोंडावर?"

"पहिले दोन महिने मीबी नुसती मान हलवायची. मग एकदा सरांनी दिलेलं काम सगळं उलटंच करून नेलं. तवापासून विचारते. कुनी खात न्हाई."

एवढीशी पोर, आणि ही हिंमत कुठून आणली हिनं?

कामावर परतल्यावर पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. मिळाली, काका. जेवणाच्या सुट्टीत मी तो सोबतच्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. एक बिहारचा, दोघं केरळचे, मराठी कुणालाच येत नव्हती. तरी सगळ्यांनी उठून माझा हात हातात घेतला.